बर्मिंगहॅमच्या दूधवाल्याच्या फटफट्या

अमेरिकेत अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचं शहर आहे (इंग्लंडमधलं नाही, हे वेगळं), आणि त्याच्या पूर्वेच्या टोकाला लीड्स गावाजवळ बार्बर मोटरस्पोर्ट्स पार्क आहे. इंडीकारची (अमेरिकेतली एक मोठी कार रेसिंग मालिका) रेस टीव्हीवर बघणाऱ्यांना हिरव्यागार टेकड्यांमधून वळणं घेत जाणारा तो ट्रॅक बघूनच ओळखू येईल. पण तिथली खरी गोष्ट ट्रॅकची नाहीये, ट्रॅकशेजारी उभ्या असलेल्या मोटरसायकल म्युझियमची आहे, आणि गंमत म्हणजे आधी म्युझियम झालं, ट्रॅक नंतर आला. हे कसं झालं ते सांगायचं तर सुरुवात दुधापासून करावी लागते.

आपल्याकडे पुण्यात जसं चितळ्यांचं दूध तसं अलाबामात बार्बरचं दूध. त्या घरातला जॉर्ज बार्बर १९६० च्या दशकात पोर्शे गाड्या घेऊन रेसिंग करायचा, आणि नुसता हौशी नव्हता, ६३ रेस जिंकल्यात त्याने. नंतर घरचा धंदा अंगावर आला, रेसिंग सुटलं, पण गाड्यांचं वेड काही सुटलं नाही. १९८८ च्या सुमाराला त्याने जुन्या स्पोर्ट्स कार घेऊन त्या पुन्हा नव्यासारख्या करायला सुरुवात केली.

आता इथे डेव्ह हूपर येतो, आणि माझ्या मते या सगळ्या कथेत सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच. बार्बरच्या दुधाच्या डिलिव्हरी ट्रकचा ताफा हा सांभाळायचा. ट्रक सकाळी वेळेवर निघायलाच पाहिजेत, दूध थांबत नाही, त्यामुळे हात एकदम पक्का, आणि मोटरसायकलचा जुना नाद. त्यानेच मालकाचं लक्ष मोटरसायकलकडे वळवलं. बार्बरचं गणितही सरळ होतं, की जुन्या कार जमवणारे जगात ढिगाने आहेत, त्यांच्यापाशी पैसा आहे, आपण कितीही जमवलं तरी कुणाचं तरी कलेक्शन आपल्यापेक्षा भारी असणारच, पण मोटरसायकलचं तसं नाही. फटफटीचा सगळ्या जगाचा इतिहास एका छपराखाली दाखवणारं म्युझियम तेव्हा कुठेच नव्हतं. आणि मोटरसायकलचं अजून एक आहे, तिचं सगळं बाहेर दिसतं. कारचं बॉनेट उघडावं लागतं, इथे इंजिन, एक्झॉस्ट, चेन, स्प्रिंगा सगळं समोर, बनवणाऱ्याने काय डोकं लावलंय ते उभ्या उभ्या कळतं. मग कार मागे पडल्या आणि हूपरच्या हाताखाली एकेक मोटरसायकल उघडून परत जुळवायचं काम सुरू झालं.

१९९५ मध्ये हे कलेक्शन बर्मिंगहॅमच्या साउथसाइड भागात लोकांसाठी खुलं झालं. जागा साधीच होती, पण मोटरसायकलवाल्यांच्या जगात नाव पसरत गेलं. आणि मग १९९८ साल आलं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने, म्हणजे जिथे एरवी मॉडर्न पेंटिंग्ज लागतात तिथे, मोटरसायकलचं प्रदर्शन भरवलं. आर्किटेक्ट फ्रँक गेरीने म्युझियमच्या गोल गोल चढत जाणाऱ्या रॅम्पला चकचकीत स्टीलचे पत्रे लावले आणि त्यावर ओळीने गाड्या उभ्या केल्या. बऱ्याच कला समीक्षकांनी नाकं मुरडली, पण लोकांनी तीन लाखांच्या वर गर्दी केली. त्या प्रदर्शनातल्या २१ गाड्या बार्बरकडून गेल्या होत्या. अलाबामातल्या एका दूधवाल्याच्या गाड्या न्यूयॉर्कमध्ये कलावस्तू म्हणून लागतात म्हटल्यावर साउथसाइडची जागा अपुरी वाटणारच.

पण नुसतं मोठं गोडाऊन बांधलं असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. ज्याने जुनी गाडी सांभाळलीय त्याला माहितीये, उभी गाडी मरते. पेट्रोल सुकून कार्ब्युरेटरमधे गोंदासारखं बसतं, ऑइल सील कडक होऊन तडकतात, रिंगा सिलेंडरला चिकटतात, टायर एका जागी चपटे होतात. बाहेरून कितीही पॉलिश मारा, आत ती गेलेली असते. म्हणून म्युझियमचं धोरण पहिल्यापासून हेच की गाड्या चालत्या ठेवायच्या. सुरुवातीच्या काळात त्यांची स्वतःची विंटेज रेसिंग टीमसुद्धा होती. आणि चालत्या ठेवायच्या तर चालवायला जागा पाहिजे, म्हणून म्युझियमला लागूनच ट्रॅक हवा. पार्कचा जन्म असा झाला.

शहराच्या कडेला ७४० एकर जमीन घेतली, ॲलन विल्सनकडून ट्रॅक डिझाइन करून घेतला आणि २००३ मध्ये पार्क सुरू झालं. ट्रॅक ३.८३ किलोमीटरचा, रुंदी ४५ फूट, आणि सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या जागेत ८० फुटांचा फरक. म्हणजे वळणावर आत शिरताना पलीकडचा रस्ता दिसतच नाही अशा जागा आहेत. मोठमोठ्या सिमेंटच्या स्टँडऐवजी गवताचे उतार ठेवले, लोक चटया-खुर्च्या टाकून झाडाखाली बसून रेस बघतात. याला मोटर रेसिंगमधलं ऑगस्टा म्हणतात, गोल्फचं ते प्रसिद्ध मैदान आहे ना, त्यावरून.

अलाबामात हे असं होणं किती वेगळं होतं तेही सांगायला पाहिजे. पार्कजवळच्या हायवेने पूर्वेला गेलं की तासाभराच्या आत टॅलाडेगा लागतं, १९६९ चा प्रचंड ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅक, तिथे नॅसकार या अमेरिकी रेसिंग मालिकेच्या गाड्या भिंतीसारख्या उभ्या वळणावरून पळतात. या भागातलं रेसिंग म्हणजे ते. युरोपी पद्धतीचा डावी-उजवी वळणांचा रस्ता आणि तोही मुख्यतः मोटरसायकल डोक्यात ठेवून, हे इथे नवीन होतं. आणि बर्मिंगहॅम शहरही तेव्हा नवी ओळख शोधत होतं. लोखंड आणि कोळशावर १८७१ मध्ये वसलेलं गाव, भट्ट्या एकेक करून बंद पडल्या, आणि जगात नाव झालं ते १९६३ मध्ये समान हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी सोडलेल्या कुत्र्यांमुळे, पाण्याच्या फवाऱ्यांमुळे आणि त्यांच्या चर्चमध्ये चार मुली गेल्या त्या बॉम्बस्फोटामुळे. तो इतिहास पुसला जात नाही आणि जाऊही नये. पण शहरातल्या एका माणसाने इतकं मोठं काही उभं करून लोकांसाठी खुलं केलं याचं मोल तिथे जास्त आहे असं मला वाटतं.

आत काय आहे ते सगळं सांगायला बसलो तर संपणार नाही. २०१४ मध्ये गिनीजवाल्यांनी मोजणी केली तेव्हा १,३९८ मोटरसायकली भरल्या, जगातला विक्रम, आणि त्यानंतरही वाढल्याच, २०१६ मध्ये इमारत वाढवावी लागली. कारही पूर्ण गेल्या नाहीत, लोटस या ब्रिटिश कंपनीच्या रेसिंग कारचं जगातलं सगळ्यात मोठं कलेक्शन इथेच आहे. जॉन सर्टीजने १९६४ ची फॉर्म्युला वन चॅम्पियनशिप जिंकली ती फेरारी पण इथे आहे, आणि ती मोटरसायकलींच्या घरात शोभतेच, कारण दोन चाकांवर आणि चार चाकांवर दोन्हीकडे वर्ल्ड चॅम्पियन झालेला तो आजवरचा एकटा माणूस.

पण मला एकच गाडी निवडायला सांगितली तर ब्रिटन व्ही १०००. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये जॉन ब्रिटन नावाच्या माणसाने मोजक्या मित्रांना हाताशी धरून बनवलेली, निळी-गुलाबी. तिच्याजवळ उभं राहून नीट बघा, फ्रेमच नाही! इंजिनच कणा आहे, पुढचं सस्पेन्शन आणि मागचा आर्म दोन्ही त्यालाच जोडलेले. रेडिएटर पुढे दिसत नाही कारण तो सीटखाली लपवलाय, म्हणजे गाडी पुढून अरुंद राहते आणि हवा कमी अडते. चाकंसुद्धा कार्बन फायबरची, हाताने थर देऊन केलेली. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या डेटोना ट्रॅकवर या गाडीने मोठ्या कंपन्यांच्या फॅक्टरीत बनलेल्या रेसिंग गाड्यांना घाम फोडला, आणि एका किरकोळ इलेक्ट्रिक पार्टमुळे थांबली. ब्रिटन १९९५ मध्ये कॅन्सरने गेला, फक्त ४५ वर्षांचा होता. एकूण १० गाड्या झाल्या, त्यातली एक इथे.

२०१० पासून इंडीकार इथे येते, पहिली रेस हेलिओ कॅस्ट्रोनेव्हिसने जिंकली, तेव्हापासून पार्कचं नाव कारवाल्यांमध्येही झालं. तरी मोटरसायकलवाल्यांसाठी खरी जत्रा ऑक्टोबरमध्ये, २००५ पासून चालू असलेला विंटेज फेस्टिव्हल. देशभरातून लोक ट्रेलरवर जुन्या गाड्या घालून येतात, मोकळ्या मैदानात पथाऱ्या मांडून पार्ट विकतात, चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाडीचं एखादं गिअरचं चाक तिथे चिंध्यांवर ठेवलेलं मिळतं, आणि पलीकडे ट्रॅकवर नॉर्टन, ट्रायम्फ, डुकाटी पूर्ण थ्रॉटलने वर चढून टेकडीपलीकडे दिसेनाशा होतात, आवाज मात्र येत राहतो.