फ्यूज उडत नाही, तरी भिंतीत आग लागते

घरातल्या वायरिंगने आग लागली की कारण म्हणून बहुतेक वेळा ‘शॉर्टसर्किट’ एवढंच सांगितलं जातं आणि विषय तिथेच मिटतो. पण शॉर्टसर्किट हा अनेकदा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी कुठेतरी ढिला जॉइंट, पातळ वायरीवर टाकलेला जादा लोड किंवा करपून तडकलेलं इन्सुलेशन महिनोन्‌महिने कुणाच्याही नजरेस न पडता बिघडत आलेलं असतं. या दोषांवरचे उपाय वेगवेगळ्या काळात सापडले आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. मेन बोर्डात कोणती वस्तू कशासाठी बसवलेली आहे, हे त्यांच्या जन्मकथेतूनच नीट कळतं.

फ्यूजची कल्पना घरगुती विजेइतकीच जुनी. एडिसनने 1880 मध्ये फ्यूजसारख्या ‘सुरक्षा तारे’चं पेटंट घेतलं, आणि न्यूयॉर्कमधलं त्याचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं 1882 मध्ये. धोका माहीत होता, तरी पहिल्या श्रीमंत घरांमध्येच आगी लागल्या. न्यूयॉर्कचे धनाढ्य विल्यम व्हँडरबिल्ट यांच्या घरी भिंतींवरच्या रेशमी कापडात धातूची बारीक जरतार विणलेली होती. दिवे लागल्यावर थोड्याच वेळात वायरी त्या जरतारेला टेकल्या, जरतार लाल झाली आणि कापड धुमसू लागलं. नेमकं काय झालं ते आपल्या लगेच लक्षात आलं, घरातलं वीज तयार करणारं इंजिन बंद करायला लावताच आग थांबली, असं एडिसनने पुढे आठवणीत सांगितलं आहे. घरच्या बाईंनी मात्र सगळी यंत्रणाच घराबाहेर काढायला लावली. बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या वाचनाच्या खोलीतही वायरिंगने आग लागून लिहिण्याचं टेबल जळालं. त्यांनी वीज काढली नाही, वायरिंग नव्याने करून घेतलं.

याच सुमारास नियम आले, आणि ते करण्यात पुढाकार होता आगीचा विमा देणाऱ्या कंपन्यांचा. नुकसानभरपाई त्यांच्याच खिशातून जात होती. लंडनमधल्या फिनिक्स फायर ऑफिस या विमा कंपनीने 1882 मध्ये वायरिंगचे नियम काढले. त्याच वर्षी तिथल्या टेलिग्राफ अभियंत्यांच्या संस्थेनेही विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी नियमावली तयार केली. विजेच्या कामातल्या अडचणी मुख्यतः आतल्या आणि न दिसणाऱ्या असतात, त्या तपासणी करूनच पकडाव्या लागतात, अशा अर्थाचं वाक्य त्या नियमावलीत आहे. मला हे वाक्य त्या काळातल्या कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचं वाटतं. अमेरिकेत विल्यम मेरिल या तरुण अभियंत्याला 1893 च्या शिकागो प्रदर्शनातल्या वायरिंगची पाहणी करायला पाठवलं होतं. पुढच्याच वर्षी, 1894 मध्ये, त्याने वस्तू तपासणारी प्रयोगशाळा उभी केली. तीच पुढे अंडररायटर्स लॅबोरेटरीज म्हणून नावारूपाला आली. 1897 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय वायरिंग संहिता निघाली.

त्या काळची वायर आज पाहिली तर धडकी भरेल. सुतळीसारखं कापडी वेष्टण, त्यावर रंगाचा थर. ओल लागली की त्यातून वीज झिरपायची. नंतर रबराचं इन्सुलेशन आलं. नवं असताना ते उत्तम, पण उष्णतेने कडक होऊन तडे जातात. जुन्या घरातला दिव्याचा होल्डर उघडला की हे रबर बोटांत भुग्यासारखं गळतं. पुढे पीव्हीसी आलं आणि हा प्रश्न बराच कमी झाला, पण मर्यादा त्यालाही आहे. साधं पीव्हीसी सुमारे 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असतं.

दरम्यान वापर बदलला. दोन-चार दिव्यांसाठी टाकलेल्या वायरीवर इस्त्री आली, हीटर आला, मग एसी आला. भिंतीतली वायर मात्र तीच राहिली. विद्युतप्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, म्हणून ‘थोडाच लोड वाढवलाय’ हा हिशेब फसवा आहे. फ्यूज वारंवार उडू लागला की लोक त्यात जाड तार घालत, स्क्रूच्या फ्यूजमागे नाणं सरकवत. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो जाड केला की सगळ्यात कमकुवत जागा भिंतीच्या आत जाते.

ही पळवाट बरीचशी बंद केली एमसीबीने, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचने. जर्मनीतल्या हुगो श्टोट्झच्या कंपनीत 1924 मध्ये तिचं पेटंट झालं. तिच्यात दोन यंत्रणा आहेत: जादा लोडने हळूहळू वाकणारी दोन धातूंची पट्टी, आणि शॉर्टसर्किट होताच क्षणात ओढ घेणारी चुंबकीय कॉइल. 1950 च्या दशकात ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी गळती ओळखणाऱ्या स्विचवर, म्हणजे आजच्या आरसीसीबीवर, मोठं काम केलं. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परतला नाही की हा स्विच पडतो. माणसाला वाचवायला 30 मिलिअँपिअरचा लावतात; फक्त आगीसाठी 300 चाही चालतो.

एवढं होऊनही ढिला जॉइंट कुणालाच दिसत नव्हता. ते का, हे एका सॉकेटच्या स्क्रूपाशी पाहता येतं. लोड चालू झाला की वायर तापून फुगते, बंद झाला की आकसते. स्क्रूची पकड कणाकणाने सुटते, उघड्या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि रोध वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला आणि हीटर 10 अँपिअर ओढतोय. मग त्या नखाएवढ्या जागेत 50 वॅट उष्णता तयार होते. एमसीबीला मात्र 10 अँपिअरच दिसतात, म्हणजे सगळं ठीक. आरसीसीबीलाही गळती दिसत नाही.

हा धोका मोठ्या प्रमाणावर उघडा पडला तो अमेरिकेत. तांबं महागलं म्हणून 1965 ते 1973 या काळात तिथल्या असंख्य घरांत ॲल्युमिनियमची वायर टाकली गेली. ॲल्युमिनियम दाबाखाली सरकतं, त्यावर ऑक्साइडही पटकन चढतो. 1972 पूर्वीच्या अशा घरांत एखादा तरी जॉइंट आगीच्या पातळीपर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा 55 पट असल्याचं तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जाहीर केलं. दोष सगळा धातूच्या माथी मारून चालणार नाही. नीट न आवळलेला तांब्याचा जॉइंटही लाल होतो.

मग ठिणगीचा ‘आवाज’ प्रवाहातल्या चढउतारांवरून ओळखणारे ब्रेकर आले. अमेरिकी संहितेच्या 1999 च्या आवृत्तीने 2002 पासून ते झोपण्याच्या खोल्यांसाठी सक्तीचे केले. पण जॉइंट ठिणगी न उडवता नुसताच धगधगत असेल, तर त्यांनाही तो चुकू शकतो. त्याच संहितेने 2017 मध्ये, उत्पादकाने ताकदीचा आकडा दिला असेल तिथे, स्क्रू मोजमापाच्या हत्यारानेच आवळायला सांगितलं. ‘हाताला घट्ट लागला’ हे पुरेसं नाही, हे नियमात यायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

घरात राहणाऱ्याला मात्र हा जॉइंट हाताने, नाकाने आणि डोळ्यांनी पकडता येतो. प्लग काढताना पिन चटका देते, स्विचची पाटी एका कोपऱ्यात पिवळट-तपकिरी पडते, एकाच पॉइंटचा दिवा लुकलुकतो, बोर्डाजवळ करपल्याचा किंवा मासळीसारखा वास येतो. यातलं एकही दिसलं तर त्या सर्किटची एमसीबी पाडून ठेवायची आणि वायरमन येऊन बोर्ड उघडेपर्यंत परत चढवायची नाही. काळवंडलेलं टोक कापून नवा सॉकेट घालायला सांगा. जुनाच स्क्रू पुन्हा आवळून दिला तर तो मान्य करू नका.