गाभण गिनी पिग आणि गोव्याची हवा

गिनी पिगचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात, अंगभर केस असतात, दात आलेले असतात. दुधाचे दात तर आईच्या पोटातच गळून गेलेले असतात. काही तासांत ते धावू लागतं आणि एक-दोन दिवसांत गवताची काडी कुरतडतं. उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत उघडीबोडकी, आंधळी पिल्लं घालते. गिनी पिगची मादी मात्र ५९ ते ७२ दिवस गाभण राहते. एवढं तयार पिल्लू पोटात वाढवायचा सगळा भार तिच्या हाडांवर, यकृतावर आणि रक्तावर येतो. म्हणून या प्राण्यात पिल्लांची काळजी म्हणजे मुख्यतः व्यायच्या आधी घेतलेली आईची काळजी. त्या नऊ-दहा आठवड्यांत जे राहून जातं, ते नंतर भरून काढता येत नाही.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातला, म्हणजे थंड, कोरड्या हवेतला. त्याला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. २७-२८ अंशांच्या पुढे, त्यातही हवेत दमटपणा असेल तर, त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, कारण त्याला घाम येत नाही. गोव्यात मे महिन्यात दुपारी पारा ३३ अंशांच्या आसपास असतो आणि रात्रीही फारसा उतरत नाही. पोटात तीन-चार पिल्लं असलेल्या मादीला ही हवा जिवावर बेतू शकते.

त्यामुळे घरी वीण घ्यायची तर पहिला निर्णय तारखेचा. गाभणपणाचे शेवटचे दोन आठवडे सर्वांत नाजूक. ते एप्रिल-मेच्या उकाड्यात येऊ नयेत, जून-जुलैच्या ओलीत येऊ नयेत आणि आवाजातही येऊ नयेत. चतुर्थीचे फटाके, नरकासुराच्या रात्रीचे ढोल आणि ध्वनिक्षेपक, ३१ डिसेंबरची आतषबाजी हे सगळं धरून उलटा हिशेब केला, तर नर-मादी एकत्र आणायला नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम. मादी दर १५ ते १७ दिवसांनी माजावर येते. १५ नोव्हेंबरला जोडी लावली तर ती साधारण १ डिसेंबरपर्यंत गाभण राहावी आणि नऊ-दहा आठवडे धरले तर १७ जानेवारी ते ९ फेब्रुवारीच्या दरम्यान व्यावी. तेव्हा रात्री थंड असतात, आणि ऊन तापायच्या आत पिल्लं दूध सोडून खाती झालेली असतात.

दुसरा निर्णय वयाचा. मादीची पहिली वीण ती सहा-सात महिन्यांची व्हायच्या आत झालीच पाहिजे. कमरेची दोन हाडं पुढच्या बाजूला जिथे जुळतात, तो सांधा गिनी पिगमध्ये कूर्चेचा असतो. व्यायची वेळ जवळ आली की रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे तो सैल होतो आणि हाडं दोन-अडीच सेंटिमीटर फाकतात. अमेरिकेतले शास्त्रज्ञ फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ साली हे संप्रेरक शोधलं ते गिनी पिगच्या याच सांध्याचा अभ्यास करताना. पिल्लाचं डोकं मोठं असल्याने ही फट पडल्याशिवाय ते बाहेर येऊच शकत नाही. एकदाही न व्यायलेल्या मादीत हा सांधा वयानुसार घट्ट होत जातो. मग कळा येतात, पण वाट नसते. शस्त्रक्रिया झाली नाही तर आई आणि पिल्लं दोन्ही जातात. दुसरीकडे, मादी चार ते सहा आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते, पण तेव्हा तिचं स्वतःचंच अंग भरलेलं नसतं. तीन ते पाच महिने वय आणि किमान ५०० ग्रॅम वजन, एवढीच वेळ खरी. आठ महिन्यांची न व्यायलेली मादी कुणी दिली तर तिला नरापासून कायम दूर ठेवावं. अशा मादीची वीण करून पाहू नये, असं माझं ठाम मत आहे.

जोडी निवडताना रंगही पाहावा लागतो. ज्यांच्या अंगावर पांढरे आणि रंगीत केस एकमेकांत मिसळलेले असतात त्यांना रोन म्हणतात. पांढऱ्या अंगावर ठिपके असलेले ते डाल्मेशियन. या दोन्हींमागे एकच जनुक असतं. नर आणि मादी दोघांकडे ते असेल तर प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता अशी, की ते जनुक त्याला दोन्हीकडून मिळेल. असं पिल्लू पांढरंफटक, बारीक किंवा नसलेल्या डोळ्यांचं, बहिरं आणि बिघडलेल्या दातांचं जन्मतं आणि बहुधा जगत नाही. दुकानातून आणलेल्या जनावरांचे आईबाप माहीत नसतात, आणि रोनची खूण कधी कधी दोन-चार केसांपुरतीच असते. शंका असेल तर जोडीतला एक प्राणी पूर्ण एकरंगी घ्यावा.

दुकानात नर-मादी बरेचदा एकाच पिंजऱ्यात असतात, त्यामुळे आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. घरी आणल्यापासून ७२ दिवस तिला गाभण समजूनच वागवावं.

नर-मादी दोघांनाही नवी असलेल्या मोकळ्या जागेत त्यांची गाठ घालावी. नर गुरगुरत, कंबर हलवत मादीभोवती फिरतो. ती माजावर नसेल तर त्याला हुसकावते, क्वचित त्याच्यावर मूत उडवते. माज काही तासच टिकतो. समागमानंतर मेणासारखा पांढरट गोळा अंथरुणावर पडलेला सापडला तर ती तारीख लिहून ठेवावी. ३५ दिवसांत माजाच्या दोन पाळ्या येतात. तेवढ्यात वजन वाढू लागलं नाही तर जोडी बदलावी. आणि ५० व्या दिवसाच्या आत नर वेगळा करावा. मादी व्यायल्यानंतर २ ते १५ तासांत पुन्हा माजावर येते. नर शेजारी असला तर पाजणाऱ्या आईच्या पोटात लगेच दुसरी वीण वाढू लागते आणि तिची हाडं झिजून जातात.

आता खाणं. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या यकृतातही क जीवनसत्त्व तयार करणारं शेवटचं विकर नसतं. १९०७ साली नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश यांनी गिनी पिगला नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्या प्राण्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला, आणि या रोगाचा प्रयोगशाळेतला अभ्यास तिथून सुरू झाला. एरवी दर किलो वजनामागे रोज १० ते २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं; गाभण आणि पाजणाऱ्या मादीला ३० मिलिग्रॅम हवं. म्हणजे ९०० ग्रॅमच्या मादीला रोज सुमारे २७ मिलिग्रॅम. हे १२-१५ ग्रॅम पेरूतून किंवा ३५ ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीतून मिळतं. पेरू गोड असल्याने त्याची एकच फोड द्यावी, मिरची रोज चालते. आवळाही चालतो, पण आंबट म्हणून बरेच प्राणी तो टाकून देतात. लहान मुलांसाठीचे क जीवनसत्त्वाचे थेंब असतील आणि बाटलीवर प्रति मिलिलिटर १०० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल, तर ०.३ मिलिलिटर सुई काढलेल्या सिरिंजने तोंडाच्या कडेने द्यावेत. पाण्याच्या बाटलीत औषध मिसळू नये: उजेडात आणि धातूच्या नळीत ते लवकर निकामी होतं, शिवाय चव बदलली की मादी पाणीच कमी पिते. पेलेट्समधलं (दुकानात मिळणाऱ्या खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्यांतलं) क जीवनसत्त्वही बनवल्यापासून सुमारे ९० दिवसांत उतरतं, आपल्या दमट हवेत त्याहून लवकर. पिशवीवरची बनवल्याची तारीख बघूनच खरेदी करावी.

पोट मात्र गवतानेच भरायला हवं. सुकं गवत दिवसभर समोर असावं, पेलेट्स दिवसाला दोन-तीन मोठे चमचे. लसूणघास या हिरव्या चाऱ्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे गाभणपणात आणि पाजताना त्याची मूठभर भर घालावी, पिल्लं सुटल्यावर बंद करावी. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, खाण्याला निकस. पाव, पोळी, शिजवलेला भात, कांदा, लसूण, अळूची पानं, कोंब आलेला बटाटा हे काहीही देऊ नये. तांबड्या भाजीत (लाल माठात) ऑक्झॅलेट हा मूतखडे करणारा क्षार बराच असतो. आठवड्यातून एखादं पान पुरे.

पावसाळ्याची सुकी वैरण मेमध्येच घेऊन, जमिनीपासून उंच, झाकणाच्या पिंपात ठेवावी. बुरशीचा वास आलेली पेंडी फेकून द्यावी, झटकून वापरू नये. जूनमध्ये चहूकडे हिरवं गवत उगवतं म्हणून एकदम त्यावर आणलं तर पोट फुगतं आणि जुलाब होतात, आठवडाभर थोडंथोडं वाढवत न्यावं. पाणी साचलेल्या शेताच्या बांधावरचं गवत कापूच नये. तिथे उंदीर मुततात, आणि लेप्टोस्पायरोसिसला गिनी पिग इतका लवकर बळी पडतो की या रोगाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत तोही वापरतात. उंदरांच्या लेंड्यांतून खाण्यात गेलेल्या साल्मोनेलामुळे गाभण मादी गाभडते.

जागा किमान चार बाय दोन फूट, तळ सपाट. जाळीच्या तळात पिल्लांचे पाय अडकून मोडतात. बाजूची जाळी अर्ध्या इंचाची, नाहीतर पिल्लू सहज बाहेर जातं, आणि साप किंवा घूस आत येते. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, कारण पिल्लांबरोबर पडणाऱ्या वारेच्या रक्तावर लाल मुंग्या येतात आणि ओल्या पिल्लांना चावतात. या वाट्यांतलं पाणी दोन दिवसांनी ओतून टाकावं, त्यात डास होतात. पत्र्याखाली पिंजरा कधीही नको. कौलारू घरातली पूर्वेकडची खोली किंवा सावलीतली पडवी चांगली. पाण्यावर चालणारा कूलर इथे उपयोगाचा नाही. हवा आधीच दमट असल्याने तो गारवा देत नाही, ओल तेवढी वाढवतो. पंखा भिंतीकडे तोंड करून लावावा, बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी, बसायला एक लादी द्यावी. मादी लांब पसरून धापा टाकत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करून पशुवैद्याकडे न्यावं. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नये. ससा शेजारी ठेवू नये; त्याला स्वतःला त्रास न होता त्याच्या श्वासातले बोर्डेटेला जिवाणू गिनी पिगला न्यूमोनिया करतात.

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पिल्लांचं वजन झपाट्याने वाढतं आणि आईचं पोट बाजूंना पिशव्या लावल्यासारखं दिसतं. तेव्हा तिला उचलू नये. खोक्यात चालत येऊ द्यावं आणि खोक्यासकट वजन करावं. पहिले सहा आठवडे आठवड्यातून एकदा, पुढे एक दिवसाआड. वजन उतरायला लागलं तर ती पहिली सूचना.

गाभण माद्या बरेचदा जातात त्या कीटोसिसने. पिल्लांनी पोट व्यापल्याने मादीचं खाणं कमी पडतं, अंगातली चरबी भराभर यकृतात येते, ते भरून जातं, आणि रक्तात कीटोन साठतात. शिवाय गर्भाशयाच्या भाराने रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन वारेचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हाही असंच घडतं. शेवटचे दोन आठवडे आणि व्यायल्यानंतरचा पहिला आठवडा हा धोक्याचा काळ. मादी कोपऱ्यात केस फुलवून बसते, आवडीची मिरचीसुद्धा हुंगत नाही, तोंडाला नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो, मग झटके. एका दिवसात खेळ संपतो, उपचारांना यशही थोडंच येतं. म्हणून एक वेळचं खाणं टाकलं तरी सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. मादी मुळातच लठ्ठ नसावी, आणि या आठवड्यांत पिंजरा, सोबत, पेलेट्सची कंपनी यांपैकी काहीही बदलू नये.

घरातल्या औषधांच्या डब्यातलं प्रतिजैविक कधीही देऊ नये. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांनी गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लोस्ट्रिडियम हे घातक जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी जातो.

व्यायच्या आधी मादी घरटं करत नाही. योनीच्या पुढे बोटाने हलकेच चाचपलं आणि हाडांमध्ये बोटभर फट लागली, की दोन दिवसांत पिल्लं येतात. ती बसल्या बसल्या कळ देते आणि पिल्लू दातांनी ओढून घेते. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने, अर्ध्या तासात बहुधा सगळं उरकतं. वीस मिनिटं जोराच्या कळा येऊनही पिल्लू दिसलं नाही किंवा ताजं रक्त वाहत राहिलं तर लगेच दवाखाना. पिल्लं भराभर आली तर पहिलटकरीण एखाद्याच्या तोंडावरची पिशवी फाडायची विसरते. ती स्वच्छ फडक्याने फाडून नाक पुसावं आणि अंग चोळावं. वार ती खाते, खाऊ द्यावी.

पिल्लं बहुधा दोन ते चार, वजन ६० ते १०० ग्रॅम. ५० ग्रॅमच्या आतलं क्वचितच जगतं. पहिले दोन-तीन दिवस वजन थोडं उतरतं, मग रोज वाढलं पाहिजे. आईला आचळं दोनच, म्हणून चार पिल्लांत मागे पडणाऱ्याला आईजवळ एकटं असं दिवसातून चार-पाच वेळा वीस मिनिटं ठेवावं. आचळ गरम, कडक किंवा निळसर झालं तर पिल्लं दुसऱ्या पाजत्या मादीकडे द्यावीत. त्या परक्या पिल्लांना सहज पाजतात. गायीचं दूध जुळत नाही. गिनी पिगच्या दुधात सुमारे ८ टक्के प्रथिनं आणि ३ टक्के लॅक्टोज असतं, गायीच्या दुधात प्रथिनं ३ टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज ५ टक्क्यांच्या आसपास. मांजराच्या पिल्लांची दूधपावडर आणि भिजवलेले पेलेट्स बरे. पिल्लू उताणं न करता थेंबथेंब पाजावं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. आई नसलेल्या पिल्लांचं बूड ओल्या कापसाने पुसावं लागतं, कारण आईच्या चाटण्यानेच त्यांना लघवी होते. पिल्लं आईच्या लेंड्या खातात तेव्हा अडवू नये. आतड्यातले जिवाणू त्यांना तिथूनच मिळतात.

२१ व्या दिवशी नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करावीत, एकही दिवस लांबवू नये. मादीच्या जननभागाची खूण इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते; नरात तिच्या जागी ठिपका असतो आणि वर हलकेच दाबलं की लिंग बाहेर येतं. माद्या आईजवळच राहू द्याव्यात. वेगळे काढलेले नर बापाजवळ किंवा जोडीने ठेवावेत, एकटे नकोत. आईचं वजन गाभण राहण्यापूर्वी होतं तेवढं परत आलं, केस दाट झाले आणि मधे किमान तीन-चार महिने गेले, तरच पुढच्या नोव्हेंबरचा विचार करावा.