अंतराळयान–भूमी संपर्क

मानवी अंतराळ मोहिमेत यानातील चमू आणि जमिनीवरील नियंत्रण कक्ष यांच्यात आवाज, दूरमापनाची (यानातील उपकरणांनी दुरून पाठवलेल्या मोजमापांची) माहिती, चित्रे आणि आज्ञा यांची देवाणघेवाण सतत चालू असते. ही देवाणघेवाण घडवणारी साधने आणि ती वापरण्याची शिस्त या दोहोंचा ‘अंतराळयान–भूमी संपर्क’ या संज्ञेत समावेश होतो. शिस्तीचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण कोणी, केव्हा आणि किती शब्दांत बोलायचे हे आधी ठरलेले नसेल, तर उत्तम अँटेनाही संकटाच्या वेळी निरुपयोगी ठरते.

अमेरिकेच्या मर्क्युरी या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमांपासून यानाशी नियंत्रण कक्षातील एकाच व्यक्तीने बोलावे अशी प्रथा पडली. या व्यक्तीला कॅपकॉम म्हणतात. ‘कॅप्सूल कम्युनिकेटर’ या शब्दांचे हे लघुरूप पुढे अंतराळ स्थानकाच्या काळातही टिकून राहिले. कॅपकॉम बहुधा स्वतः अंतराळवीर असतो, त्यामुळे यानात बसलेल्याला कोणती माहिती लगेच हवी आणि कोणती नंतर चालेल, याची त्याला जाण असते. कक्षातील इतर नियंत्रक हेडसेटवर एकाच वेळी अनेक ध्वनिवाहिन्या ऐकतात. प्रत्येक जण आपल्या वाहिनीवरून मागच्या खोलीतील तज्ज्ञांशी बोलतो, निष्कर्ष उड्डाण संचालकाला सांगतो, आणि संचालकाचा निर्णय कॅपकॉममार्फत यानात पोहोचतो. 20 जुलै 1969 रोजी अपोलो 11 चे अवतरण यान चंद्रपृष्ठाकडे उतरत असताना त्याच्या संगणकाने 1202 हा धोक्याचा इशारा दिला. संगणकावर कामाचा अतिभार झाला असला तरी अवतरण चालू ठेवता येईल, हे मागच्या खोलीतील जॅक गार्मन यांनी ओळखले. मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी ते संचालकाला कळवले आणि कॅपकॉम चार्ली ड्यूक यांनी चमूला पुढे जाण्यास सांगितले. चंद्रापर्यंत रेडिओ संदेश पोहोचण्यास सुमारे 1.3 सेकंद लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या साखळीतील प्रत्येक दुव्याची तत्परता समजते.

प्रारंभीच्या उड्डाणांत संपर्क तुटक असे. यान एखाद्या भूकेंद्राच्या आकाशात येई तेवढी काही मिनिटेच बोलणे होई आणि मग पुढचे केंद्र येईपर्यंत शांतता असे. मर्क्युरीसाठी आफ्रिकेत कानो व झांझिबार, ऑस्ट्रेलियात मुचिया अशा दूरदूरच्या ठिकाणी केंद्रे उभारली होती. सोव्हिएत संघाने तर समुद्रात खास जहाजे ठेवली होती. अपोलोसाठी कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन, माद्रिदजवळील फ्रेस्नेडिलास आणि कॅनबेराजवळील हनीसकल क्रीक येथे 26 मीटर व्यासाच्या अँटेना होत्या. पृथ्वी फिरत असली तरी यांपैकी एक तरी केंद्र चंद्राच्या समोर असे. यान चंद्राच्या मागे गेले की मात्र संपर्क पूर्णपणे खंडित होई.

एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाल्यावर तीन अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्यासाठी नेलेल्या लहान यानात आश्रय घेतला. ते दोघांसाठी बनवलेले होते, त्यामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. मुख्य यानातील शोषक डबे चौकोनी होते आणि लहान यानातील जागा गोल डब्यांसाठी होती. जमिनीवरील अभियंत्यांनी यानात उपलब्ध असलेल्याच वस्तू, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी, वापरून जोडणी तयार केली आणि ती कशी करायची ते चित्राविना, केवळ शब्दांत, पायरीपायरीने वर सांगितले. या नोंदीच्या विषयाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

संपर्कातील खंड दूर केला तो प्रसारण उपग्रहांनी, म्हणजे यानाचे संदेश झेलून पुढे पाठवणाऱ्या उपग्रहांनी. एप्रिल 1983 मध्ये चॅलेंजर यानातून नासाचा पहिला असा उपग्रह सोडण्यात आला. त्याआधी पृथ्वीप्रदक्षिणेच्या सुमारे 15 टक्के वेळच संपर्क होत असे. सुमारे 35,800 किलोमीटर उंचीवरील हे उपग्रह खालच्या कक्षेतील यानाचे संदेश न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स केंद्राकडे पाठवतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज व आज्ञा एस बँड या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावरून, तर चित्रफिती व प्रयोगांची माहिती अधिक क्षमतेच्या केयू बँडवरून जाते. ह्यूस्टन, मॉस्कोजवळील कोरोल्योव्ह, जपानमधील त्सुकुबा आणि जर्मनीतील ओबरफाफेनहोफेन येथील कक्ष हे काम वाटून घेतात. स्थानकाच्या बहुतेक प्रणाली जमिनीवरूनच चालवल्या जातात, जेणेकरून चमूचा वेळ प्रयोगांसाठी मोकळा राहावा. चमूला डॉक्टरांशी आणि कुटुंबीयांशी खासगीत बोलण्याचीही सोय असते.

संपर्क अखंड असला म्हणजे समज अचूक असतेच असे नाही. जुलै 2013 मध्ये स्थानकाबाहेर अंतराळात चालताना इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या शिरस्त्राणात पाणी साचले आणि ते नाकापर्यंत आले. आठवडाभर आधीच्या चालण्यातही पाणी आढळले होते, पण ते पिण्याच्या पिशवीतून गळले असावे हे स्पष्टीकरण वर आणि खाली दोन्हीकडे पुरेशी छाननी न करता मान्य झाले होते. चौकशी अहवालाने नेमक्या याच बाबीवर बोट ठेवले.

भारतात हे काम इस्रोचे बंगळूरु येथील दूरमापन, मागोवा व आज्ञा जाळे, म्हणजे इस्ट्रॅक, करते. गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी स्वतंत्र प्रसारण उपग्रहांची योजनाही इस्रोने आखली आहे.

मंगळाच्या बाबतीत परिस्थिती मुळातच बदलते. तेथे संदेश एका दिशेने जाण्यास सुमारे 3 ते 22 मिनिटे लागतील, म्हणजे प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत पाऊण तासाच्या जवळपास वेळ जाऊ शकेल. अशा अंतरावर कॅपकॉमशी संभाषण होऊ शकत नाही. हवाईतील मौना लोआवर झालेल्या हाय-सीज या मंगळवासाच्या सराव मोहिमांत चमू आणि बाहेरचे जग यांच्यात एका दिशेने 20 मिनिटांचा विलंब मुद्दाम ठेवला होता. त्यामुळे सर्व व्यवहार लेखी आणि ध्वनिमुद्रित संदेशांवर चालला आणि तातडीचे निर्णय चमूलाच घ्यावे लागले.