व्हॉल्व्ह अँप सुधारायचाय? सुरुवात प्लगपासून करा

जुन्या रेडिओतले ईसीसी८३ (सिग्नल वाढवणारा) आणि ईएल८४ (स्पीकर चालवणारा) हे दोन व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, एवढ्यावर घरच्या घरी चार-पाच वॅटचा अँप्लिफायर उभा राहतो. आवाज निघतो, पण मागे हमिंग असतं, बेस पोकळ येतो, रात्री व्हॉल्व्ह फार तापतो. अशा वेळी पहिला विचार येतो तो महागडा व्हॉल्व्ह मागवण्याचा. तो पैसा आधी दुसरीकडे लावावा, असं माझं ठाम मत आहे.

मराठवाड्यातल्या गावात शेतीपंप चालू असले की व्होल्टेज १९० वर उतरू शकतं, आणि पंप बंद झाले की रात्री २५५ वर चढू शकतं. २३० ला ६.३ व्होल्ट देणारी हीटरची, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेची, ट्रान्सफॉर्मरमधली वाइंडिंग मग ५.२ ते ७ अशी हेलकावते. हीटरला साधारण दहा टक्क्यांचा फरकच सोसतो. कमी मिळालं तर हीटरने तापणारा कॅथोड पुरेसे इलेक्ट्रॉन सोडत नाही, जास्त मिळालं तर त्यावरचा ऑक्साइडचा लेप लवकर संपतो. म्हणून स्टॅबिलायझर ही इथे चैन नव्हे.

इलेक्ट्रॉन जिथे जाऊन पोचतात त्या प्लेटचंही तसंच. ईएल८४ ची प्लेट १२ वॅटपर्यंतच उष्णता सोसते. पुस्तकी जोडणीत प्लेटवर २५० व्होल्ट, करंट ४८ मिलिअँपिअर, म्हणजे बरोबर १२ वॅट. व्होल्टेज चढायला जागाच नाही! कॅथोडच्या १३५ ओहमच्या रेझिस्टन्सवर मीटर धरला तर सुमारे ७.२ व्होल्ट दिसतात, म्हणजे ५३ मिलिअँपिअर; त्यातले पाचेक स्क्रीनचे, म्हणजे प्लेटआधीच्या जाळीचे. तिथे १८० ओहम घाला. ताकद किंचित घटेल, व्हॉल्व्ह मात्र टिकेल. ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज देण्यापेक्षा कॅथोडचा रेझिस्टन्सच बरा, कारण करंट वाढला की त्यावरचं व्होल्टेज वाढतं आणि करंट आपसूक आवरला जातो.

त्याच मीटरने ईएल८४ ची ग्रिड आणि चेसिस (अँपचा धातूचा सांगाडा) यांच्यामधला डीसी तपासा. अर्धा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला तरी आधीच्या व्हॉल्व्हला जोडणारा जुना कागदी कपलिंग कंडेन्सर गळतोय असं समजा आणि लगेच बदला, नाहीतर प्लेट लालबुंद होते. मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांचं व्हॉल्व्हला काही वाटत नाही. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरला वाटतं. त्याला ईएल८४ पासून लांब बसवा.

हमिंगसाठी हीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन चेसिसच्या कोपऱ्यातून न्या आणि अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच बिंदूवर आणा.

आता व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. अँपचा खरा जीव इथे आहे. ८ ओहमचा स्पीकर ईएल८४ ला ५२०० ओहमचा दिसायला हवा. ५२०० भागिले ८ म्हणजे ६५०, त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. वेढ्यांचं प्रमाण तेवढं. गावोगावच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हा गुंडाळून मिळू शकतो, पण कारागिराला दोन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात.

“भाऊ, पॉवरचा नाही, आउटपुटचा आहे. ई सगळे एका बाजूला, आय सगळे दुसऱ्या बाजूला, मधे कागद.”

पॉवर ट्रान्सफॉर्मरला ई-आय स्टॅम्पिंग, म्हणजे त्या अक्षरांच्या आकाराचे लोखंडी पत्रे, उलटसुलट भरतात. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या अँपमध्ये मात्र प्रायमरीतून, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांतून, सतत डीसी वाहतो. कागदाची फट नसेल तर लोखंड त्या डीसीनेच चुंबकत्वाने भरून जातं आणि बेस नाहीसा होतो. दुसरी गोष्ट, सगळी प्रायमरी एकदम गुंडाळून वर सेकंडरी (स्पीकरकडचे वेढे) चढवू नये. थोडी प्रायमरी, मग सेकंडरी, पुन्हा प्रायमरी असे थर घातले की दोघींमधली चुंबकीय गळती घटते आणि टाळांसारखे बारीक आवाज मोकळे येतात.

हे झाल्यावरच फीडबॅक. आउटपुटचा थोडा अंश उलटा करून सुरुवातीला परत द्यायचा, ही युक्ती बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये टेलिफोनच्या अँप्लिफायरवर काम करताना सुचली. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, घटतो, त्याबरोबर आवाजातली विकृतीही घटते. स्पीकरच्या तारेवरून एक रेझिस्टन्स पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला जोडा. चेसिस उघडण्याआधी प्लग काढा, फिल्टर कंडेन्सर (वीजपुरवठ्यातला) रेझिस्टन्समधून रिकामा करा आणि मीटरवर शून्य बघा. त्यात उरलेले अडीचशे-तीनशे व्होल्ट जीव घेऊ शकतात. चालू केल्यावर अँप किंचाळला तर सेकंडरीच्या दोन तारा उलट करा. तरीही शिट्टी राहिली तर रेझिस्टन्सची किंमत वाढवून फीडबॅक कमी करा.