सामाजिक उद्योगासाठी कलम ८ कंपनी : कोणाला काढता येते, अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात

समाजोपयोगी कामच उद्योग म्हणून चालवायचं असेल, तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते. इथे नफा कमवायला बंदी नाही, वाटून घ्यायला आहे. शिल्लक पैसा उद्दिष्टावरच खर्च करायचा, लाभांश द्यायचा नाही. गुंतवणूकदाराला परताव्याचा शब्द देऊन बसला असाल, तर सरळ साधी प्रायव्हेट लिमिटेड काढा.

कलम ८ कंपनी खासगी स्वरूपात काढली, तर किमान दोन संचालक आणि दोन सभासद लागतात. तीच दोन माणसं दोन्हीकडे चालतात. किमान भांडवलाची अट नाही.

आधी डिजिटल सही काढून घ्या. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘स्पाइस प्लस’ अर्ज. पहिल्या भागात नाव (फाउंडेशन, फोरम, असोसिएशन असा शब्द त्यात हवा). मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात, म्हणून बाकीचे कागद हाताशी असतील तेव्हाच नावाला हात घाला. दुसऱ्या भागात परवाना आणि नोंदणी एकत्रच होते.

कागद हे लागतात : संचालकांचे पॅन, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, कार्यालयाचं दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल, जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं ना हरकत पत्र. शिवाय आयएनसी-१३ नमुन्यातलं मेमोरँडम (कंपनीची उद्दिष्टं सांगणारा मूळ दस्तऐवज), सीए, सीएस (कंपनी सचिव) किंवा वकिलाचं घोषणापत्र (आयएनसी-१४), अर्जदारांचं घोषणापत्र (आयएनसी-१५) आणि पुढच्या तीन वर्षांचा जमाखर्चाचा अंदाज.

खरी मेहनत या अंदाजावर आणि मेमोरँडममधल्या उद्दिष्टांवर घ्या. उद्दिष्टात फक्त ‘महिलांना शिवणकाम प्रशिक्षण’ आणि जमेच्या बाजूला कापडी पिशव्यांची विक्री, असं दिसलं की शंका निघणारच. विक्री होणार आहे आणि तो पैसा प्रशिक्षणातच जाणार आहे, हे उद्दिष्टातच लिहा. संस्थापकाला पगार घेता येतो का, हे सगळेच विचारतात, जरा बिचकत. प्रत्यक्ष केलेल्या कामाचा वाजवी मोबदला घेता येतो. नुसतं सभासद असण्याचा नाही.

नोंदणीच्या प्रमाणपत्रासोबत कंपनीचा पॅन आणि टॅन (करकपातीसाठी लागणारा क्रमांक) मिळतात. करसवलत मात्र आपोआप लागू होत नाही. त्यासाठी, आणि देणगीदारांना सूट मिळावी म्हणूनही, प्राप्तिकर विभागाकडे वेगळे अर्ज करावे लागतात. कंपन्यांचा सीएसआर निधी (सामाजिक जबाबदारी म्हणून त्या खर्च करतात तो पैसा) हवा असेल तर त्यानंतर सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज भरा. एप्रिल २०२१ पासून ती नोंदणी सक्तीची आहे.