अशनींतील समस्थानिके आणि ग्रहांवरील बाष्पनशील मूलद्रव्ये

पृथ्वीवरचे पाणी, हवा आणि सजीवांना लागणारा कार्बन, नायट्रोजन कोठून आला, याचा माग अशनींमधील समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या, प्रमाणांवरून काढता येतो. बाष्पनशील म्हणजे सहज वाफ होणारी; हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन व राजवायू (इतर मूलद्रव्यांशी सहसा संयोग न पावणारे वायू) ही अतिबाष्पनशील, तर पोटॅशियम, गंधक, जस्त ही मध्यम बाष्पनशील मूलद्रव्ये मानतात. नवजात सूर्याभोवतीच्या चकतीत लोह, मॅग्नेशियम व सिलिकॉन सुमारे १,३०० केल्विनलाच घनरूप होऊ लागतात. जस्तासाठी तापमान ७०० केल्विनच्या आसपास उतरावे लागते. बर्फ धरायला तर २०० केल्विनच्याही खाली. त्यामुळे पृथ्वी जिथे घडली तिथल्या धुळीत ही द्रव्ये तुटपुंजीच असणार. ती पृथ्वीवर कमी आहेत हे खरेच, पण जेवढी आहेत तेवढी तरी कशी आली हा प्रश्न उरतो.

पहिला पुरावा हायड्रोजनचा. समुद्राच्या पाण्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे १५६ अणू ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे असतात. सूर्य ज्या वायूपासून बनला त्यात ते २० च्या घरात होते, म्हणजे समुद्र त्या वायूपासून थेट आलेला नाही. रोझेटा यानाने २०१४ मध्ये ६७पी धूमकेतूच्या वाफेत हेच प्रमाण मोजले, ते ५३० च्या आसपास निघाले. हार्टले-२ या धूमकेतूचे प्रमाण मात्र समुद्राशी जुळते, तेव्हा सगळे धूमकेतू एका मापाने मोजता येत नाहीत. कार्बनयुक्त काँड्राइट (कधीही पूर्ण न वितळलेल्या खडकांच्या) अशनी समुद्राच्या बऱ्याच जवळ येतात. इंग्लंडमध्ये २८ फेब्रुवारी २०२१ रोजी पडलेली विंचकोम अशनी काही तासांतच हाती लागली, त्यामुळे तिच्यात पृथ्वीवरचा ओलावा फारसा मुरला नव्हता. तिचेही प्रमाण समुद्राशी मिळतेजुळते निघाले. नायट्रोजनची साक्षही याच दिशेची आहे. सौरवारा, म्हणजे सूर्यातून वाहणारे कण, गोळा करणाऱ्या जेनेसिस यानाची कुपी २००४ मध्ये पॅराशूट न उघडल्याने जमिनीवर आपटून फुटली, तरी तिच्या तुकड्यांतून सौरवारा मोजता आला. सूर्यात नायट्रोजन-१५ चे प्रमाण पृथ्वीच्या हवेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे हवाही सूर्याच्या वायूपासून थेट आलेली नाही.

ड्यूटेरियमवर फार भिस्त ठेवणे मात्र धोक्याचे. हलका हायड्रोजन वातावरणातून आधी निसटतो आणि मागे जड हायड्रोजनचे प्रमाण वाढत जाते. शुक्रावर ते पृथ्वीच्या शंभरपटीहून अधिक झाले आहे. अशी खूण बदलते; न बदलणारी खूण हवी असेल तर ताऱ्यांच्या पोटात जावे लागते.

सौरमालेची धूळ अनेक ताऱ्यांच्या राखेतून आली आणि ती पूर्णपणे एकजीव झाली नाही. टायटॅनियम, क्रोमियम यांच्या समस्थानिकांतील सूक्ष्म तफावती मांडल्या की अशनींचे दोन स्वच्छ गट पडतात, एक कार्बनी आणि दुसरा बिगर-कार्बनी. अशनींचे अभ्यासक पॉल वॉरन यांनी २०११ मध्ये ही दुफळी ठळकपणे मांडली. कार्बनी गट गुरूच्या पलीकडचा, दुसरा अलीकडचा, असा सर्वसाधारण समज आहे. गुरूच्या गाभ्याने पहिल्या दहा लाख वर्षांतच वाढून मधली वाट अडवली, असा निष्कर्ष २०१७ मध्ये निघाला; काहींच्या मते हे काम चकतीतल्या वायूचा दाब जास्त असलेल्या पट्ट्याने केले. अडचण अशी की ही मूलद्रव्ये उष्णतेला दाद न देणारी. ती खडकाचे कूळ सांगतात, त्यातून पाण्याचे कूळ कळत नाही.

ही उणीव जस्ताने भरून काढली. त्याची स्थिर समस्थानिके पाच: ६४, ६६, ६७, ६८ आणि ७०. अशनीचा तुकडा आम्लात विरघळवून रेझिनच्या नळीतून जस्त वेगळे काढतात. निकेल-६४ चे वस्तुमान जवळजवळ जस्त-६४ इतकेच असल्याने निकेलचा अंशही मागे राहून चालत नाही. मग मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणावर, मोजणी होते. तापून वाफ झाल्याने पडणारा फरक वस्तुमानाच्या प्रमाणात असतो, म्हणून एक गुणोत्तर ठरावीक धरून तो गणिताने वजा करता येतो. मागे उरते ती ताऱ्यांची मूळ खूण, दहा लाखांत दहा-वीस-तीस भागांच्या घरातली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने १८ अशनी अशा तपासून २०२३ मध्ये सांगितले, की पृथ्वीचे जस्त दोन्ही गटांच्या मधोमध बसते. बाहेरच्या भागातून आलेला माल वस्तुमानाने सुमारे १० टक्केच, पण जवळपास निम्मे जस्त त्याने आणले. या विषयातला सर्वांत बोलका आकडा हाच, कारण थोड्याशा मालावर केवढा मोठा साठा उभा राहिला ते त्यात दिसते. जस्तापेक्षा कमी बाष्पनशील असलेले पोटॅशियम मात्र बहुतांशी आतल्याच मालाचे निघाले. मंगळाच्या जस्तात तर बाहेरच्या मालाचा मागमूसही जवळजवळ नाही.

आतला माल कोरडाठाक होता, हे जुने गृहीतकही आता टिकत नाही. फ्रान्समधील नॅन्सीच्या संशोधकांनी २०२० मध्ये १३ एन्स्टटाइट काँड्राइट अशनी तपासल्या. समस्थानिकांच्या बाबतीत पृथ्वीच्या खडकांशी सर्वांत जवळचे नाते असलेला हा वर्ग. पृथ्वी अशाच मालाची घडली असेल, तर त्यातल्या हायड्रोजनमधून महासागरांच्या किमान तिप्पट पाणी होऊ शकते.

ही द्रव्ये कधी आली, यावर रुथेनियम हा धातू बोलतो. तो लोहाबरोबर गाभ्यात बुडतो, म्हणून प्रावरणात (गाभ्याभोवतीच्या खडकाच्या थरात) आज सापडणारे रुथेनियम गाभा वेगळा झाल्यानंतरच्या, पृथ्वीच्या जेमतेम अर्धा टक्का भरणाऱ्या शेवटच्या मालाचे. त्याची खूण कार्बनी गटाशी जुळत नसल्याने २०१७ मध्ये पाणी त्याआधीच आले असे मानले गेले. ग्रीनलंडच्या प्राचीन खडकांतले, आजच्या प्रावरणाहून वेगळ्या खुणेचे रुथेनियम २०२० मध्ये हाती आले आणि निकाल पुन्हा खुला झाला.

धूमकेतूंचा वाटा झेनॉन या राजवायूमध्ये दिसतो. ६७पी वरील मोजणीनुसार हवेतले सुमारे २२ टक्के झेनॉन धूमकेतूंचे आहे. पण धूमकेतूंत राजवायू इतके ठासून भरलेले असतात, की एवढे झेनॉन आणणाऱ्या बर्फातून समुद्राचा अगदी थोडा भाग भरतो.

जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये रियुगू लघुग्रहाची सुमारे ५.४ ग्रॅम माती पृथ्वीची हवा लागू न देता आणली. तिच्या जस्तावरून पृथ्वीच्या जस्तातला अशा मालाचा वाटा सुमारे ३० टक्के येतो. हा आकडा आणि इंपीरियलचा ‘निम्मे’ यांच्यातले अंतर अजून मिटलेले नाही.