फाइल कशात उघडायची हे कोण ठरवतं? एका सेटिंगची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली आणि मुख्य ब्राउझर बदलू पाहणाऱ्यांपुढे फाइलींच्या आणि वेब-दुव्यांच्या प्रकारांची एक लांबलचक यादी उभी राहिली. एचटीएम, एचटीएमएल, पीडीएफ, एसव्हीजी, वेबपी, एचटीटीपी, एचटीटीपीएस... प्रत्येक नोंदीवर वेगळं क्लिक करायचं आणि प्रत्येक ठिकाणी तोच ब्राउझर पुन्हा निवडायचा. विंडोज १० मध्ये हेच काम ‘वेब ब्राउझर’ या एका ओळीत उरकत असे. त्यावर झालेला आरडाओरडा समजून घ्यायचा तर आधीची ओढाताण माहीत हवी.

विंडोजच्या आधीच्या डॉस या यंत्रणेवर काम करताना हा प्रश्न फारसा पडतच नसे. आधी प्रोग्रॅम सुरू करायचा आणि मग त्यातून फाइल उघडायची. विंडोज ३.१ मध्ये, म्हणजे १९९२ साली, फाइल मॅनेजरमध्ये ‘असोसिएट’ अशी सोय होती आणि कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, या जोड्या एका साध्या मजकुराच्या फाइलीतही लिहिलेल्या असत. ती फाइल कोणीही उघडून वाचावी, हवी तशी बदलावी. मॅकिंटॉशने १९८४ पासून वेगळी वाट धरली होती. तिथे प्रत्येक फाइलीबरोबर चार-चार अक्षरांचे दोन संकेत असत: फाइल कोणत्या प्रकारची आहे आणि ती कोणत्या प्रोग्रॅमने बनवली आहे. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन फाइली आपापल्या प्रोग्रॅममध्ये उघडत. ही रचना मला आजही जास्त समंजस वाटते, पण फाइल दुसऱ्या यंत्रणेत गेली की हे संकेत वाटेत गळून पडत. पुढे मॅकही एक्स्टेन्शनकडे, म्हणजे फाइलीच्या नावात टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांकडे, वळला आणि २००९ च्या आवृत्तीपासून ‘बनवणाऱ्या प्रोग्रॅम’चा संकेत विचारात घेणं थांबलं.

खरी चुरस विंडोज ९५ नंतरची. जोड्या आता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत साठ्यात, गेल्या होत्या आणि ती कोणताही प्रोग्रॅम न विचारता बदलू शकत होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमपीथ्री आणि व्हिडिओ आल्यावर मीडिया प्लेअरांनी याचा पुरेपूर फायदा उठवला. नवा प्लेअर टाकला की सगळी गाणी त्याच्या ताब्यात जायची आणि जुना उघडला की तो ती परत मागायचा. ज्याचा संगणक, त्याला मात्र कोणी विचारत नव्हतं. विंडोज ९५ मध्ये आधीच जोडलेली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची तर ‘ओपन विथ’ दिसण्यासाठी शिफ्ट दाबून राइट-क्लिक करावं लागे, हे किती जणांना ठाऊक असेल?

त्याच विंडोज ९५ ने ओळखीच्या प्रकारांची एक्स्टेन्शनं लपवायला सुरुवात केली. मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने नेमकं हेच हेरलं. ईमेलमधली जोडफाइल मजकुराची, म्हणजे टीएक्सटी आहे असं वाटे, पण नावाच्या टोकाला लपलेलं एक्स्टेन्शन व्हीबीएस, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या स्क्रिप्टचं, होतं. डबल-क्लिक केलं की स्क्रिप्ट चालू.

विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टवरच्या अमेरिकेतल्या मक्तेदारीविरोधी खटल्यातल्या तडजोडीनंतर २००२ मध्ये विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये ब्राउझर, ईमेल, मीडिया प्लेअर वगैरे ठरवण्यासाठी एक वेगळी खिडकी आली. पुढच्या आवृत्तीने, व्हिस्टाने, दोन बदल केले. वापरकर्त्याची निवड ‘यूजरचॉइस’ या वेगळ्या नोंदीत गेली, ही चांगली गोष्ट. पण फोल्डर ऑप्शन्समधला ‘फाइल टाइप्स’ हा टॅब नाहीसा झाला. एखाद्या प्रकाराच्या राइट-क्लिक मेनूत स्वतःच्या आज्ञा घालण्याची सोपी सोय त्याच टॅबमध्ये होती.

निर्णायक वळण आलं २०१२ मध्ये, विंडोज ८ बरोबर. ‘यूजरचॉइस’ नोंदीला एक हॅश, म्हणजे गणिताने काढलेला पडताळणीचा संकेत, जोडला गेला. एक्स्टेन्शन, वापरकर्त्याची ओळख, निवडलेला प्रोग्रॅम, नोंदीची वेळ आणि विंडोजच्या आतली एक गुप्त ओळ यांतून तो तयार होतो. हॅश जुळला नाही तर निवड अमान्य. विंडोज १० मध्ये तर ‘ॲपमुळे अडचण आली म्हणून सेटिंग पूर्ववत केलं’ अशी सूचनाही झळकते. हेतू योग्य होता, कारण मीडिया प्लेअरांची जुनी हडेलहप्पी यामुळे खरोखर आवरली गेली. पण कुलूप घालणाऱ्या मायक्रोसॉफ्टकडेच किल्ली राहिली आणि तिचा स्वतःचा ब्राउझरही याच स्पर्धेत उतरलेला होता. वादाचं मूळ इथे आहे. २०१५ मध्ये विंडोज १० वर जाताना घाईत पुढे-पुढे दाबणाऱ्यांचा आधीचा ब्राउझर बाजूला पडत असे. एका प्रतिस्पर्धी ब्राउझरच्या प्रमुखांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. त्याच आवृत्तीपासून पीडीएफही, दुसरं काही निवडलेलं नसेल तर, मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये उघडू लागली.

म्हणूनच विंडोज ११ मधली ती यादी निव्वळ गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही. प्रत्येक प्रकारावर बारीक नियंत्रण मिळतं, असं तिचं समर्थन झालं. प्रत्यक्षात वेबपी या प्रकारातली चित्रं कशात उघडावीत यावर सामान्य माणूस कधी विचार करत नाही. तो मध्येच कंटाळतो आणि उरलेले प्रकार आहेत तिथेच राहतात. शिवाय एजला स्वतःच्या सेटिंग्जमधून एका क्लिकवर मुख्य ब्राउझर होता येत होतं, इतरांना नाही. २०२१ मध्ये फायरफॉक्सने ती पद्धत उलगडून स्वतःसाठी वापरली. मार्च २०२२ मध्ये अखेर ‘सेट डीफॉल्ट’ हे एकच बटण परत आलं, पण ते एचटीटीपी, एचटीटीपीएस, एचटीएम आणि एचटीएमएल यांच्यापुरतं. पीडीएफ त्यात नव्हती.

२०२४ च्या सुरुवातीच्या अपडेट्समधून एक नवा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या खोल थरात चालणारा प्रोग्रॅम, आला. वेबचे दुवे आणि पीडीएफ यांच्या ‘यूजरचॉइस’ नोंदी बाहेरच्या प्रोग्रॅमना बदलता येऊ नयेत, हे त्याचं काम. त्यामुळे हॅश स्वतः तयार करणारी छोटी साधनंही तिथे अडली. अनेक संगणक एकदम सांभाळणारे लोक अशाच साधनांवर विसंबून होते. त्याच वर्षी मार्चमध्ये युरोपीय संघात नवा डिजिटल बाजार कायदा मोठ्या कंपन्यांना लागू झाला आणि तिथल्या वापरकर्त्यांना एज काढून टाकण्याची मुभा मिळाली.